आत्याला तसबिरीतून काढताना

माझ्या आजीचा फोटो कधी निघालाच नाही. ती गेली तेव्हा आत्या सहा-सात वर्षांची होती आणि माझे वडील पाळण्यात. आमच्या गावी, पिशोरला, तेव्हा कॅमेरा कुणाकडे नव्हता, आणि असता तरी दिवसभर शेणामातीत हात असलेल्या बाईचा फोटो काढावा असं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. तरीही आमच्याकडे आजीची तसबीर आहे. औरंगाबादला माझ्या पुंडलिकनगरच्या घरात दारातून आत पाऊल टाकलं की समोरच दिसते. डोक्यावरून पदर, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि काचेवरून सोडलेला चंदनाचा हार. रंग पिवळट पडलेत, पण चेहरा असा गोड की नवीन आलेलं माणूस चहाचा कप हातात घेऊन हमखास विचारतं, या कोण?

खरं सांगायचं तर ती माझी आत्या आहे.

त्या काळी ही रीतच होती. फोटो न काढता माणूस गेलं, की घरातलं त्याच्या तोंडवळ्याचं कुणीतरी घेऊन शहरातल्या पेंटरकडे जायचं. पेंटर त्याला समोर बसवायचा, वय वाढवायचा, मिशा लावायचा, टक्कल पाडायचा आणि गेलेलं माणूस तयार करून द्यायचा. आमच्या नात्यात एक आजोबा असे आहेत की त्यांचं नाक थोरल्या मुलाचं, कान धाकट्याचे आणि फेटा पेंटरच्या दुकानातला. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आजोबांच्या ध्यानात आलं, की ही पोरगी पाचोडला सासरी गेली की बायकोची म्हणून घरात काही खूण उरणार नाही. सगळं गाव म्हणायचं, पोर आईच्या वळणावर गेलीय. मग त्यांनी तिला मोटारीत बसवून औरंगाबादला आणलं, गुलमंडीच्या मागे एका पेंटरसमोर आईचं लुगडं नेसवून बसवलं, आणि पेंटरनं पंधरा वर्षांच्या पोरीची पंचविशीतली बाई करून दिली.

तेव्हापासून आत्या स्वतःच्याच तोंडाला हार घालत आली. माहेरी आली की आधी तसबिरीपुढे उभी राहायची, हात जोडायची, पदरानं काच पुसायची. आम्ही भावंडं तिला यावरून फार छळायचो. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणतात, आत्या, आयुष्य कमी होतं. ती म्हणायची, मेल्यावर कोण घालतंय, आधीच घालून घेते. वडील गेल्यावर तसबीर माझ्याकडे आली. घरात चित्रकार मीच, आणि चित्रं सांभाळायची ती चित्रकारानं, असा आमच्या घराण्याचा सरळ न्याय आहे. माझी स्वतःची चित्रं त्यांतल्या कुणी आजवर सांभाळली नाहीत, तो भाग निराळा.

गेल्या वर्षी आत्याचे डोळे बिघडले. मोतीबिंदू नव्हे, आतला पडदा. डॉक्टरांनी मला समजावलं, की कडेचं दिसत राहील, पण मधलं हळूहळू जाईल. इंजेक्शनांनी फार तर ते जाणं लांबवता येईल. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी आत्याला विचारलं, नेमकं कसं दिसतं तुला? ती म्हणाली, "दार दिसतं, चौकट दिसती. चौकटीत उभं ऱ्हायलेलं माणूस दिसत नाय."

इंजेक्शन घ्यायला तिला दर महिन्याला इथं यावं लागायचं. तिचा मुलगा पाचोडहून आणून सोडायचा आणि दोन-चार दिवसांनी न्यायला यायचा. मधले दिवस ती माझी. मला ते दिवस मनापासून आवडायचे. ती माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची, माझ्या डोक्याला तेल चोपडायची, समोरच्या घरातल्या सुनेशी माझ्यापेक्षा जास्त बोलायची. वडील गेल्यापासून मला घरात कुणी रागावलं नव्हतं. आत्या आली की ती कसर भरून निघायची.

अशाच एका दुपारी मी पाहिलं, की ती तसबिरीपुढे उभी आहे आणि मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं एका डोळ्यानं बघतेय. सरळ बघितलं तर चेहराच जायचा ना.

"बाई," ती म्हणाली, "ह्याच्यातून मला काढ. मायला ऱ्हाऊ दे."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं खाली बसून सावकाश सांगितलं. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. डोळे मिटून आठवायला गेलं की तसबीर पुढे यायची, आणि तसबिरीत ती स्वतःच. लग्नाआधी कधीतरी खरा चेहरा तिच्याजवळ असणार, पण वर्षानुवर्षं हिलाच माय म्हणता म्हणता तो गेला. कधी गेला तेही तिला कळलं नाही. आता डोळे चालले होते. ते पुरते जाण्याआधी तिला एकदा आईला बघायचं होतं. स्वतःला बघून बघून ती कंटाळली होती.

"तू ते तांबं घासती ना, भांडं घासल्यावानी? तसं घास मला."

इथं माझा धंदा थोडा सांगावा लागेल. मी तांब्याच्या पत्र्यावर चित्र काढते. पत्र्याला मेण आणि डांबराचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. सुईनं लेप निघालेला असतो तिथं आम्ल तांबं खातं आणि रेघ खोल होते. मग त्या खळग्यांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवायचा आणि यंत्रातून दाबून काढायचा. यंत्र म्हणजे दोन लोखंडी रूळ आणि एक मोठं चाक. चिकलठाण्याच्या एका लेथवाल्यानं मला ते बनवून दिलं. टेम्पोतून उतरताना ते बघून गल्लीत बातमी पसरली की मॅडम रसवंती टाकताहेत. ते पार्किंगमध्ये बसवल्यामुळे नवऱ्याची गाडी कायमची उन्हात असते. दर उन्हाळ्यात एकदा तरी तो म्हणतो, निदान ग्लासभर रस तरी काढ त्यातून.

तांब्याचा एक गुण आहे. चुकलं तर खरवडता येतं, घासून गुळगुळीत करता येतं आणि त्याच जागी पुन्हा काढता येतं. पण खरवडलेलं पूर्ण जात नाही. जुन्या रेघेचा माग छापात कुठंतरी राहतोच. आत्यानं मला असं खरवडताना पाहिलं होतं, म्हणून तिला ती आशा वाटली.

मलाही विषय हवाच होता. जुनी तसबीर नव्या नजरेनं पाहायची, असं मी चित्रकार मैत्रिणींना ऐटीत सांगूनही टाकलं. पहिला पत्रा मी फार मन लावून केला. तसबिरीतला चेहरा जसाच्या तसा, पण अर्धा उजेडात आणि अर्धा गडद अंधारात. मैत्रिणी म्हणाल्या, वा. पुढच्या खेपेला आत्या आली तेव्हा मी छाप तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीशी नेला, मान वाकडी करून खालून पाहिला, वरून पाहिला.

"ही मीच," ती म्हणाली. "लाईट गेल्यावरची."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग मी पाटी पुसून, म्हणजे खरवडून, पुन्हा सुरू केली. दर महिन्याला आत्या यायची, मी तिला प्रश्न विचारायचे आणि ती आठवेल ते सांगायची. आईच्या कानाच्या पाळ्या जड कुड्यांनी ओघळलेल्या होत्या. भाकरी थापताना ती ओठ दुमडून घ्यायची. उन्हातून आली की तिच्या लुगड्याला हिरव्या तुरीचा वास यायचा. हसली की आधी खांदे हलायचे, मग आवाज. मी कान ओघळवले, ओठ दुमडले, खांदे रुंद केले. आजी मला कधी दिसली नाही, पण त्या महिन्यांत मला ती फार आवडायला लागली. तरी या सगळ्यातून चेहरा काही होईना. वास आणि खांद्यांचं हलणं कोरता येत नाही.

दर वेळी आत्या छाप बघून म्हणायची, अजून मीच हाय. एकदा मी युक्ती केली. वडिलांचे जुने फोटो काढले, त्यांचं नाक आणि भुवया घेतल्या, म्हटलं तेही तिचंच लेकरू, काहीतरी उतरलं असेल. आत्यानं बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुझा बाप लुगडं नेसून बसलाय." खरंच बसला होता. मला हसूही आलं आणि त्यांची आठवणही आली. तो छाप मी टाकला नाही, तो माझ्या कपाटात आहे.

पण पाचव्या की सहाव्या खेपेला माझा तोल गेला. खरवडून खरवडून हाताला घट्टे पडले होते, पत्रा गालांच्या जागी पातळ व्हायला लागला होता. मी म्हटलं, आत्या, तुला आठवत नाही, मी तिला पाहिलेली नाही, मग काढू तरी काय? हवेतून काढू? ती भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला घावंल."

त्या वाक्यानं माझा सगळा राग उतरला. तिला खरोखर वाटत होतं, की तांबं खरवडत गेलं की खाली आई असेल. आणि तिच्याजवळ वेळ नव्हता. त्या महिन्यात तिला ताटातलं मीठ आणि लिंबू दिसत होतं, मधला भात दिसत नव्हता.

भाद्रपदात पितृपंधरवडा आला. त्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची, अविधवा नवमी. सवाष्णीला जेवू घालायचं, हळद-कुंकू लावायचं, ओटी भरायची. नवरा गेला की पुढं ही नवमी बंद करतात म्हणे, पण आजोबा गेले तरी आत्यानं आजीची नवमी कधी सोडली नाही. त्या वर्षी तिची इंजेक्शनाची तारीख जवळच आली, म्हणून नवमी माझ्या घरी करायची ठरली. समोरच्या घरातली सून सवाष्ण म्हणून आली. पुरण, खीर, वडे, आमटी, वर तुपाची धार. पुरण आत्यानं स्वतः वाटलं, कारण माझ्या हातच्या पुरणावर तिचा विश्वास नाही.

त्या सकाळी स्वयंपाकाला लागायच्या आधी मी खाली पार्किंगमध्ये पत्रा तयार करून ठेवला होता. दोन्ही गाल घासून कोरे केले, खडूच्या पुडीनं पत्रा लख्ख पुसला. लेप द्यायच्या आधी पत्र्यावर बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. तेलकटपणा राहिला तर तिथं लेप धरत नाही आणि नको तिथं आम्ल घुसतं. पत्रा कागदाखाली झाकून मी वर आले. जेवणं झाली, सवाष्ण ओटी घेऊन गेली, नवरा आडवा झाला. मीही थोडी पडले. चारच्या सुमारास खाली जाऊन मी पत्र्याला लेप दिला, डोळ्यांभोवतीच्या चार रेघा ओढल्या आणि आम्लात सोडला.

लेप धुऊन काढला आणि मी डोक्याला हात लावला. दोन्ही गालांवर बारीक बारीक खड्डे पडले होते. कपाळाच्या कडेनं हनुवटीपर्यंत, कुठं एकेकटे, कुठं दोन-तीन एकात एक. ज्या गालांसाठी मी महिनाभर हात झिजवले, ते गाल मुंग्यांनी खाल्ल्यासारखे झाले होते.

वर येऊन मी चहा टाकला आणि भांडी आपटायला लागले. आत्यानं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, पत्रा नासला, कशानं ते कळत नाही. ती म्हणाली, तुम्ही झोपलात तव्हा मी खाली गेले व्हते. जिना धरून धरून गेले.

"आज तिचा दिवस. तसबिरीत तर मी हाय, मग हळद-कुंकू कुठं लावू? तुझ्या तांब्यात ती असंल नसंल, पर तिथं लावलं. तोंडावरून हात फिरवला आन् बोटं मोडली. तुझ्या तांब्याला डाग नको, म्हणून पदरानं पुसून बी घेतलं."

पुरणातुपाचे हात. दोन्ही गालांवरून वरपासून खालपर्यंत फिरवलेले, लेकराची दृष्ट काढताना फिरवतात तसे. वर पदरानं तूप नीट चोळून बसवलेलं. लहानपणापासून त्या हातांनी माझीही कितीदा तरी अलाबला घेतली आहे, तिला मी काय बोलणार? शिवाय नवमीच्या दिवशी घरात भांडू नये. मी चहा गाळला आणि तिच्या हातात दिला. मनात म्हटलं, पुढच्या खेपेच्या आधी हे सगळं खरवडून काढू.

ते राहून गेलं. मी शिकवते त्या शाळेत मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षा आल्या, मग दिवाळीची साफसफाई. खरं तर माझा उत्साहच संपला होता. पत्रा कागदाखाली पडून राहिला.

दिवाळीनंतर आत्या आली तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता इंजेक्शनांचा उपयोग नाही. कडेचं दिसेल तेवढं दिसेल. ती घरी आल्यावर सवयीनं तसबिरीपुढे उभी राहिली, मान वाकडी केली, मग दुसरीकडे वाकडी केली आणि खुर्चीत जाऊन बसली. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. चित्र वेळेवर झालं नाही, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, छाप तर दिसायचा नाय, तुझी ती पाटी तरी आन.

मी नको म्हणत होते. ती बिघडलीय, तिच्यात काही नाही, असं सांगून पाहिलं. ती ऐकेना, तेव्हा खाली जाऊन पत्रा आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला होता. आत्यानं आधी कड चाचपली, मग पदराच्या चुण्या, मग नथ. खोल रेघा बोटाला लागतात. नथ उलट्या बाजूला आहे म्हणाली. मी सांगितलं, तांब्यावर सगळं उलटंच असतं, कागदावर सुलटं येतं. बरं, म्हणाली. मग तिचं बोट गालावर आलं आणि थांबलं.

ते बोट तिनं मागं नेलं आणि परत त्याच जागी आणलं. तीन-चारदा असं केलं.

"हे काय हाय?"

मी म्हटलं, तेच ते, आत्या, तुपानं झालेलं. उद्या काढून टाकते.

"काढू नको," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "वण हायेत हे. देवीचे. मायला देवी आल्या व्हत्या ल्हानपणी. तिचा गाल असाच व्हता."

मग ते आपोआप यायला लागलं. वडील नुकतेच झाले होते तेव्हा आजी कुशीवर निजून त्यांना पाजायची. आत्याची जागा गेली होती, ती आजीच्या पाठीमागं पडायची. पाठीवरून हात लांब करायची आणि आईचा गाल चाचपत झोपायची. गालावर एक मोठा वण होता, त्यात तिचं बोट बसायचं. बोट बसलं की झोप यायची. आई गेल्यावर कितीतरी दिवस तिनं स्वतःच्या गालावर ती जागा शोधली होती. मग ती तसबीर आली, तिचा गाल गुळगुळीत होता, सगळे म्हणाले हीच तुझी माय, आणि ते बोटाचं सगळं विसरून गेलं.

मला रडू आलं. मी लपवलंही नाही, तिला तसं दिसणार नव्हतं. पण तिनं हात पुढे करून माझं तोंड चाचपलं आणि म्हणाली, तू कामून रडती येडे, रडायला मी हाय ना.

रडून झाल्यावर मी विचारलं, मग पेंटरनं वण का काढले नाहीत? आत्याला तेही आठवलं. पेंटरनं विचारलं होतं, चेहऱ्यावर काही खूण होती का? आजोबा म्हणाले होते, काही नाही, हिच्यासारखीच होती, सोन्यासारखी. आत्या शेजारीच बसली होती. मी म्हटलं, आजोबांना लाज वाटली असेल.

"लाज कशाची," ती म्हणाली. "त्येला ते दिसतच नसतील."

ती म्हणते ते खरं असेल. माझ्या आजोबांबद्दल मी ऐकलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पार्किंगमध्ये बसलो. मी पत्रा घेऊन, ती माझ्या गालाला हात लावून. पत्र्यावर नेमकी जागा दाखवणं तिला जमेना, म्हणून ती माझ्या गालावर दाखवायची. इथं एक, भुवईच्या टोकाशी. इथं दोन, नाकाच्या बाजूला, चिकटून. हा मोठा, माझ्या बोटाचा. मी एका हातानं आरसा धरून दुसऱ्या हातानं सुईची खूण करायचे. तुपानं पडलेले काही खड्डे बरोबर जागी होते, काही नव्हते. नसलेले मी घासले, राहिलेले खोल केले. समोरची सून खाली भाजी घ्यायला आली होती. आमचा तो प्रकार बघून तिनं विचारलं, मॅडम, फेशियल चाललंय का? आत्या म्हणाली, व्हय, हिला जरा देखणी करते.

गंमत पुढेच झाली. वण बसल्यावर वडिलांचं नाक तिथं शोभेना. मी ते काढलं. भुवया शोभेनात, त्याही काढल्या. शेवटी सगळं तसबिरीतलंच परत आणावं लागलं, तेच डोळे, तीच जिवणी. नव्यानं फार कोरावंही लागलं नाही, कारण खरवडलेल्या रेघांचा माग तांब्यात होताच, तो जरा गडद केला की झालं. सगळं गाव खोटं बोलत नव्हतं, पोर आईच्याच वळणावर गेली होती. फक्त ही बाई वेगळी होती. आजारातून वाचलेली, उन्हात राबलेली, जराशी मिश्किल. मी चाक फिरवलं, कागद उचलला, आणि आजी पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुठलाही छाप उचलताना इतकी हरखले नव्हते.

मी शहाणी बाई आहे, ते खड्डे तुपानं पडले हे मला ठाऊक आहे. आत्याला तसं सांगितलं तर ती विचारते, मग मला खाली कुणी नेलं?

मी तीनच छाप काढले. छाप काढून झाले की पत्र्यावर एक आडवी रेघ मारतात, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. ही आमच्या कामातली शिस्त आहे आणि मी ती आजवर कधी मोडली नव्हती. या वेळी ओरखडणी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. आत्याला कागदाचा काही उपयोग नव्हता. पत्राच तिला दिला. तिनं तो आपल्या एका जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, तिचा मुलगा म्हणाला ह्याचं वजन केवढं, तर त्यालाही हात लावू दिला नाही. आता पाचोडला तो तिच्या उशीपाशी असतो.

एक छाप मी बैठकीच्या खोलीत, तसबिरीच्या शेजारी लावला. ती निघायच्या दिवशी सगळे दारात उभे होते, तिचा मुलगा गाडी काढत होता. आत्या चपला घालता घालता थांबली. मान वाकडी करून भिंतीकडे बघितलं.

"त्या पोरीचा हार काढ आता," ती म्हणाली. "मी हाय की अजून."

मी स्टुलावर चढले, नवऱ्यानं स्टूल धरलं. हार कितीतरी वर्षांत उतरला नव्हता, खिळ्याला अडकला होता. काचेवर जिथं तो टेकायचा तिथं धुळीची रेघ होती, ती मी पदरानं पुसली. पंधरा वर्षांची पोर, आईच्या नथीत अवघडून बसलेली. ती एवढी लहान दिसते हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं.

हार हातात घेऊन मी खाली उतरले आणि सवयीनं शेजारच्या छापाकडे वळले. आत्याला माझी हालचाल कडेनं दिसली असावी.

"तिला नको घालू," ती म्हणाली. "आत्ताच तर घावलीय ती."